आखूड दावं

मोटारीचं बॉनेट आपण उघडतो ते पाणी घालण्यासाठी, नाहीतर गाडी बंद पडल्यावर आत पाहून मान हलवण्यासाठी. इंजिन चालू आहे, आत बसलेला माणूस ब्रेक दाबून पहिल्या गिअरात क्लच किंचित सोडतो आहे आणि आपण बाजूला उभं राहून ते पाहतो आहोत, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. (बाजूलाच उभं राहावं. समोर उभं राहून हा तमाशा पाहण्याची हौस कुणी करू नये.) इंजिन म्हणजे गाडीच्या पोटात घट्ट रोवलेला लोखंडाचा ठोकळा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो ठोकळा चांगला जिवंत असतो. क्लच धरू लागला की तो अंग उचलतो, मागे रेलतो, आणि क्लच दाबला की बदकन पुन्हा जागेवर येतो. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की हे काही ठीक नाही, याला कुणीतरी बांधून घाला!

हा विचार स्वाभाविक खरा. पण दोर आणण्यापूर्वी तो बिचारा हलतो का, हे समजून घ्यायला हवं. न्यूटननं १६८७ साली क्रिया आणि प्रतिक्रिया यांचा जो नियम छापला, तो आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरून गेलो. इंजिन मात्र तो कधी विसरत नाही. ते चाकांना पुढे फिरवतं, म्हणून स्वतः मागे फिरू पाहतं. जितक्या जोरानं फिरवावं तितक्याच जोरानं.

जुन्या अँबॅसिडरमध्ये किंवा फियाटमध्ये, म्हणजे पुढे जिला पद्मिनी हे नाव मिळालं त्या गाडीत, हा जोर वाटून घेतला जाई. इंजिन उभं, पुढून मागे असं बसवलेलं. चाकांना मिळणारा जोर शेवटी चारेक पटींनी वाढे तो मागच्या आसातल्या दातेरी चाकांपाशी, आणि त्याची उलटी थप्पड बसे ती आसाला आणि पाट्यांना. इंजिनाच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येई. ‘मारुती ८००’ डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि आडवं इंजिन आपल्या दारादारांत पोचलं. या घडणीत इंजिन, गिअरबॉक्स आणि ती शेवटची दातेरी चाकं, सगळं बिऱ्हाड एकाच गाठोड्यात बांधून पुढे ठेवलेलं असतं. जागा वाचते, मागे पाय पसरता येतात, हे खरं. पण पहिल्या गिअरात इंजिनाचा जोर बारा-पंधरा पटींनी वाढून चाकांना मिळतो, आणि तेवढी सगळी प्रतिक्रिया त्या एका गाठोड्याला सोसावी लागते. ते ज्या रबरी गाद्यांवर बसलेलं असतं, त्यांना आपल्याकडचे मिस्त्री ‘फौंडेशन’ म्हणतात. घराचा पाया रबराचा असावा, ही कल्पना मला मोठी मौजेची वाटते.

ती कल्पना जुनी आहे. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं आपल्या प्लिमथ गाडीचं इंजिन दोन रबरी आधारांवर अशा खुबीनं टेकवलं, की ते आपल्याच वजनाच्या मध्याभोवती डुलत राहावं आणि चार सिलिंडरांची थरथर आत बसलेल्यांपर्यंत पोचू नये. या युक्तीला त्यांनी ‘फ्लोटिंग पॉवर’, म्हणजे तरंगती शक्ती, असं नाव दिलं. पण तरंगायला सोडून ते स्वस्थ बसले नाहीत. इंजिन फार डुलू नये म्हणून बाजूनं पाट्याची एक स्प्रिंगही लावली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनं ती युक्ती परवाना घेऊन उचलली आणि गाडीच्या नाकावर तरंगणारा हंस काढला. इंजिनाला हंसाची उपमा देणारी माणसं रसिक असली पाहिजेत. आडव्या इंजिनाची छोटी गाडी जिनं जगात रूढ केली, ती ॲलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ ऑगस्ट १९५९ मध्ये आली. लांबी अवघी दहा फूट. तिच्यातही इंजिनाच्या माथ्यापासून केबिनच्या भिंतीपर्यंत एक आडवी दांडी होती आणि दांडीच्या दोन्ही टोकांना रबरी बुश. ते बुश झिजले की इंजिन हेलकावे खाऊ लागे आणि पुढे सायलेन्सरचा पाइप जोडावर तडके. म्हणजे सोडायचं किती आणि धरायचं किती, हा वाद इंजिनाच्या बाबतीत तरी शतकभर चालू आहे.

आमच्या घरात हा वाद शिरला तो आईच्या खुब्यामुळे. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. वय अठ्ठ्याहत्तर. गारगोटीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, आणि दर महिन्याला तिला तिथं दाखवायला न्यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, प्रवास करा, पण हिसके बसू देऊ नका. आता आमची गाडी लहान, आडव्या तीन सिलिंडरांची, चौदा वर्षं वापरलेली. रस्त्यावर खड्डे कमी झाले आहेत, हे सरकारच्या वतीनं मी मान्य करतो. पण गतिरोधक वाढले आहेत. त्यातून उसाचा हंगाम. बिद्रीच्या कारखान्यापाशी ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या रांगेत एकदा सापडलं, की दहा पावलं पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा दहा पावलं. प्रत्येक वेळी क्लच सोडताना इंजिन मागे रेलायचं, उसळून पुढे यायचं, पुन्हा मागे. आणि गाडी तीन-चार गचके खाऊन मगच मार्गी लागायची. आई ओरडत नसे. ती पुढच्या सीटवर बसून दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरायची आणि ओठ मिटून घ्यायची. एवढंच. पण तिची ती बोटं पाहिली की क्लचवरचा माझा पाय अधिकच कापे.

मिस्त्रींनी आधी फौंडेशन पाहिली. एका गादीचं रबर चिरून लोखंडापासून सुटलं होतं, दुसरीवर तेल झिरपून तिची लापशी झाली होती. त्या बदलल्या. डॅम्परच्या गोष्टी करणाऱ्या सगळ्यांना मी हे आधी सांगतो. फाटक्या गादीवर कुठलंही औषध चालत नाही. नव्या गाद्यांनी पुष्कळ फरक पडला, पण उसळी पुरती गेली नाही. रबर म्हणजे शेवटी स्प्रिंगच. जेवढं दाबाल तेवढं ते परत उसळणार.

इथं आमचे थोरले बंधू मध्ये पडले. दादांनी तीस वर्षं एस. टी.ची गाडी चालवली आहे. यंत्राच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा, आणि मी कादंबऱ्या लिहितो हे यंत्राच्या बाबतीत माझ्या विरुद्ध जाणारं प्रमाणपत्र. ते म्हणाले, “इंजिन म्हणजे बैल आहे. दावं आखूड कर, गप उभा राहील.” त्यांच्या मते इंजिनाच्या माथ्यापासून बॉडीपर्यंत एक लोखंडी दांडी टाकून दोन्ही बाजूंनी नटानं आवळली, की प्रश्न मिटला. मी डॅम्परचं सुचवलं. पुण्याच्या भाच्यानं तसा एक मिळतो असं कळवलं होतं. जपानमधले आणि युरोपातले हौशी मोटारवाले असे डॅम्पर स्वतः आणून बसवतात. काही गाड्यांना तर ते कारखान्यातूनच लावलेले येत. १९७६ साली निघालेल्या मर्सिडीजच्या १२३ मालिकेत इंजिनाच्या आधारांपाशी लहान शॉकॉप्सर असत. दादा म्हणाले, “मर्सिडीजचं मर्सिडीजला.”

थोरल्या भावाशी वाद घालण्याची आमच्याकडे रीत नाही. मिस्त्री मात्र हुशार. ते म्हणाले, “दादा, दांडी करायला अर्धा तास लागतो. लावून बघू या की.” दांडी लागली. दादा स्वतः चाकावर बसले, मी शेजारी. क्लच सोडताच गाडी सरळ निघाली. उसळी नाही, गचका नाही. दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी त्यांना खात्री. पण गिअर काढून गाडी उभी केली मात्र, आणि सगळी गाडी दाढदुखी झाल्यासारखी थडथडू लागली. आरशात मागच्या एका ट्रकचे दोन ट्रक दिसत होते. पुढच्या कप्प्यातली चिल्लर वाजू लागली. तीन सिलिंडरांचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला नऊशे फेरे घेत असेल, तर सेकंदाला बावीस-तेवीस ठोके पडतात. रबर ते ठोके गिळून टाकत होतं, दांडीनं ते सरळ पत्र्याच्या हातात दिले. दादा दोन मिनिटं तसेच बसून राहिले. मग खाली उतरले, मिस्त्रींच्या हातून पाना घेतला आणि दांडी स्वतः सोडवली. कुणी काही बोललं नाही. घरी आल्यावर आईनं चौकशी केली तेव्हा त्यांनीच तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “व्हय रं, आखूड दाव्याचा बैल गप कुठं असतोय? गव्हाण मोडतोय.” गोठ्यात जन्म काढलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको होतं.

मग डॅम्पर आला. हातभर लांबीचीही वस्तू नव्हे. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. बँकेच्या दाराला वर जी नळी लावलेली असते, दार आपटू न देता हळूच मिटवणारी, तिची ही चुलत बहीण. सावकाश ढकला, तेल भोकांतून निवांत जातं आणि दट्ट्या सरकतो. झटका द्या, तेलाला जायला वेळ मिळत नाही आणि तो अडतो. म्हणजे इंजिन कुठं उभं राहील, हे डॅम्पर ठरवत नाही. ते काम गाद्यांचंच. किती वेगानं हलायचं, एवढ्यापुरतीच त्याची हुकमत. उसळीचा जो जोर रबर परत करत होतं, तो तेलात मुरून किंचित उष्णता होतो आणि संपतो.

ब्रॅकेट कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात करून घेतले. बसवायला मात्र सबंध सकाळ गेली, कारण जागा नेमकी हवी. इंजिन ज्या दिशेनं रेलतं त्याच दिशेत डॅम्पर पडला पाहिजे. तिरपा पडला तर निम्मं काम वाया. इंजिन ज्या आसाभोवती डुलतं त्यापासून तो होईल तितका दूर, म्हणजे माथ्याजवळ, हवा. दुसरं टोक भलत्या पत्र्याला धरलं तर पत्राच वाकायचा. म्हणून पुढच्या चाकावर शॉकॉप्सर जिथं बॉडीला टेकतो, तिथल्या जाड पत्र्याला धरलं. इंजिन स्वस्थ असताना दट्ट्या नळीच्या बरोबर मध्यावर पाहिजे, म्हणजे पुढे जाताना आणि रिव्हर्समध्ये, दोन्हीकडे त्याला वाव राहतो. ओढून ताणून बोल्ट लावायचा नाही. तो बोटानं भोकात गेला पाहिजे. आणि दोन्ही टोकांना रबरी बुश हवेतच, नाहीतर दांडीचीच गोष्ट पुन्हा. दादा सगळा वेळ बॅटरी धरून उभे होते. मध्यबिंदू दोन बोटं चुकतो आहे, हे त्यांनीच दाखवलं.

फुकट काहीच मिळालं नाही. उसळी गेली, क्लच सोडला की इंजिन मागे रेलतं, पण एकदाच, आणि जड दार मिटावं तसं परत येतं. त्याबदली उभ्या गाडीत स्टिअरिंगला एक बारीक गुणगुण आली आहे. दांडीची थडथड नव्हे, तरी पूर्वीची शांतता नाही. डॅम्परचं तेल आणि बुश कितीही मऊ असले, तरी इंजिनापासून बॉडीपर्यंत एक नवी वाट आपण पाडली, आणि तिच्यावरून थोडी थरथर ये-जा करणारच. नवी, शांत, ऐटबाज गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी केवळ हौस म्हणून हा उद्योग करावा, असं मी म्हणणार नाही. आम्हाला गुणगुण नको नव्हती. हिसका नको होता.

दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन निघालो. बिद्रीला ट्रॉल्यांची रांग लागलेलीच होती. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी बाजूला पाहिलं. आईनं कडी धरली होती, सवयीनं, पण एकाच हातानं. दुसऱ्या हातानं ती पिशवीतली शेंग काढून फोडू पाहत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “गाडी जात्यागत घुमतीया रं.” मी म्हटलं, “त्रास होतो का?” ती म्हणाली, “न्हाई. झोप येतीया.” मागच्या सीटवर दादा होते. ते पुढे वाकून म्हणाले, “बुश सहा महिन्यांनी बघायला पाहिजेत. जाताना उद्यमनगरातून दोन जास्तीचे घेऊन ठेवू.”