फाटकापुढचे पाणी

शाळेच्या आवारात काय उणे आहे, हे सर्वांच्या आधी मुलांना कळते. कोणता नळ गळतो, कोणत्या पायरीवर पाय घसरतो, कोणत्या दाराची कडी लागत नाही, हे त्यांना पाठ असते. परंतु ती आपापसांत कुजबुजतात आणि घंटा झाली की वर्गात जाऊन बसतात. ज्याला विचारावयाचे, त्याला कोणीच विचारीत नाही.

विचारावयाचे तरी कोणाला? मधल्या सुटीत नळ कोरडा पडला, की मुले मुख्याध्यापकांच्या दाराकडे पाहतात आणि तेथेच त्यांचे धैर्य खचते. वास्तविक ह्या प्रश्नाचे उत्तर शिपाईकाकांजवळ असते. ‘‘काका, नळाला पाणी का येत नाही?’’ असे कोणी नम्रपणे विचारले, तर ते गच्चीवरची टाकी दाखवतील. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते. तेवढ्यात टाकी भरली नाही, तर दुपारी नळ रिता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? मुंबईचे बरेचसे पाणी दूर ठाणे जिल्ह्यातील तलावांतून येते. त्यांपैकी तानसाचे पाणी हे शहर १८९२ पासून पीत आहे. एवढे कळले, की उघडा नळ तसाच सोडून पुढे जाणे मुलाला जमत नाही.

काही प्रश्न मात्र शिपाईकाकांच्या आवाक्याबाहेरचे असतात. मुसळधार पाऊस झाला की हिंदमाता परिसरात पाणी का साचते, हा परळ-दादरच्या मुलांचा जुना प्रश्न आहे. भूगोलाच्या बाईंना तो विचारावा. त्या नकाशा उघडून सांगतील, की मुंबई ही मूळची सात बेटे. परळ त्यांपैकीच एक. अठराव्या शतकात वरळीजवळ बांध घालून समुद्राला अडविले आणि पुढे बेटांमधील सखल जमिनीवर वस्ती झाली. हिंदमाता तर बशीसारखा खोलगट. शहराची जुनी गटारे तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताने बांधलेली. पाऊस त्याहून जोराचा आला आणि त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असली, की पाण्याला जावयास वाटच उरत नाही.

अशा गढूळ पाण्याखाली गटाराचे तोंड उघडे असले, तर ते दिसत नाही, आणि माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून ‘‘फाटकापुढच्या गटाराला झाकण आहे का?’’ हा प्रश्न लहान मुलाचा असला, तरी लहान नव्हे. तो मुख्याध्यापकांपर्यंत गेलाच पाहिजे. ते कदाचित म्हणतील, ‘‘बाळ, रस्ता शाळेचा नाही, महापालिकेचा आहे.’’ उत्तर खरे आहे. परंतु विचारणाऱ्याने तेथे थांबू नये. ‘‘मग सर, आपण महापालिकेला पत्र लिहू या का?’’ असे त्याने विचारावे. पत्रात जागा नेमकी सांगावी, तारीख घालावी, आणि आठ दिवसांनी ‘‘उत्तर आले का?’’ म्हणून पुन्हा चौकशी करावी.

हिंदमात्याचे पाणी रहिवाशांनी, दुकानदारांनी आणि वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे विचारात आणून दिले. अलीकडे, २०२१ च्या सुमारास, पावसाचे पाणी साठविण्यासाठी दादर व परळ येथे जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. प्रश्न त्याने पुरता मिटला असे नव्हे. म्हणून विचारणेही थांबलेले नाही.

विचारणाऱ्याने नम्र असावे, तसे ज्याला विचारले त्यानेही धीराने ऐकावे. ‘‘गप्प बस’’ हे दोन शब्द एका मुलाला उद्देशून उच्चारले, तरी सारा वर्ग गप्प होतो. आणि जो मूल असताना चपला हातात घेऊन मुकाट्याने पाणी ओलांडावयास शिकला, तो मोठेपणीही तेच करतो. त्याच्यामागून येणाऱ्या मुलांना मात्र ते पाणी तसेच ओलांडावे लागते.