गाडीला फोन शिकवताना

आमच्या गाडीला यंदा अकरा वर्षं होतील. इंजिन ठणठणीत आहे, एसी अजून गार हवा देतो, क्लच प्लेट दोन वर्षांपूर्वीच नवी टाकली आहे. तिला फक्त फोन कळत नाही. कंपनीनं दिलेल्या स्टीरिओला सीडी समजते, पेनड्राइव्ह समजतो, एफएम समजतं. ब्लूटूथ नाही, पडदा नाही, माइक नाही. तुमच्याही दारात अशी एखादी गाडी उभी असेल आणि “आता नवीन घ्या की!” म्हणणारे पाहुणेही असतील. पण धडधाकट गाडी विकून कर्जाचा नवा हप्ता लावून घ्यायचा, तोही फोन जोडता यावा म्हणून, हे मला पटत नाही. स्टीरिओ आणि स्पीकर स्वतःच्या हातानं बदलायचे असं मी ठरवलं आहे. गेला महिनाभर त्याची आखणी चालू आहे. स्क्रू अजून एकही काढलेला नाही. ही आखणी तुमच्यापुढे ठेवते, कदाचित तुमच्याही कामाला येईल.

हे सगळं कशासाठी?

खरेदीच्या यादीआधी हा प्रश्न कागदावर लिहा. माझ्या कागदावर लिहिलं आहे: आईचा संध्याकाळचा फोन.

आई सांगलीला एकटी राहते. बाबा गेल्यापासून ती रोज सातच्या सुमारास फोन करते, आणि नेमकी तेव्हा मी बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर असते. फोन उचलला नाही तर ती दोनदा, तीनदा लावते. मग शेजारच्या काकूंना विचारते, “हिचा फोन का लागत नसेल?” घरी पोहोचेपर्यंत तिचा जीव अर्धा झालेला असतो. त्यात तिला आताशा कमी ऐकू येतं. म्हणजे आवाज पोहोचून भागत नाही, शब्द पोहोचायला हवेत.

हातात फोन धरून बोलणं तर नकोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यातच धरतो. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत रस्ता पाहण्यापुरती मुभा मिळाली, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. गप्पांना ती लागू नाही.

तुमच्या कागदावर वेगळं उत्तर असेल: मुलांची गाणी, नकाशा, मागचा कॅमेरा. जे असेल ते एका ओळीत लिहा. दुकानात गेल्यावर तीच ओळ तुम्हाला भलत्या खर्चापासून वाचवते.

तीन पायऱ्या

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चार्जरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर. तो फोनचा आवाज एफएमवर पाठवतो. पण मोठ्या शहरात ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झमधली बरीच जागा केंद्रांनी व्यापलेली असते. रिकामी जागा मिळाली तरी दोन चौक पुढे खरखर सुरू होते. शिवाय त्याचा माइक खाली, गिअरजवळ.

दुसरी पायरी ऑक्सची. स्टीरिओला साडेतीन मिलिमीटरचं ऑक्स भोक असेल तर छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावता येतो. गाणी छान वाजतात. रिसीव्हर गाडीच्याच सॉकेटवर चालवला तर कधीकधी इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार होणारी ‘कुंई’ ऐकू येते. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची लहानशी डबी मध्ये जोडली की ती बहुधा जाते. तुमची गरज गाण्यांपुरती असेल तर इथेच थांबा, हे मी मनापासून सांगते.

तिसरी पायरी स्टीरिओच बदलण्याची. मला आईचं बोलणं हवं आहे म्हणून मी या पायरीवर आले.

पडदा घेताना

दुकानात दोन प्रकारचे पडदे एकाच नावानं विकले जातात. एक म्हणजे अँड्रॉइड स्टीरिओ, थोडक्यात डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅब. त्याची स्वतःची मेमरी, स्वतःची अ‍ॅप्स, आणि काही वर्षांनी टॅबसारखाच मंदावण्याची तयारी. दुसरा प्रकार अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले चालवणारा रिसीव्हर. तिथे डोकं फोनचं, पडदा गाडीचा. फोन बदलला की गाडीतला नकाशाही आपोआप नवा. मी दुसरा निवडला आहे. अँड्रॉइड ऑटो २०१४ मध्ये जाहीर झालं आणि आमची गाडीही त्याच सुमाराची, म्हणजे दोघांची जेमतेम चुकामूक झाली म्हणायची.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी दुकानातच तपासा. आपला स्वतःचा फोन जोडून पाहा, दुकानदाराचा नव्हे. केबल डेटाची आहे ना ते बघा, कारण नुसत्या चार्जिंगच्या केबलवर अँड्रॉइड ऑटो सुरू होत नाही. आणि वायरलेसचा आग्रह असेल तर हे लक्षात घ्या की ते वायफायवर चालतं, फोन तापतो आणि बॅटरी उतरते. म्हणून मी केबलच वापरणार आहे.

मला यूएसबीची दोन भोकं लागतील. एक फोनला आणि एक बाबांच्या पेनड्राइव्हला. नाट्यगीतं, अभंग, जुनी भावगीतं त्यांनी आपल्या हातानं क्रमवार भरून ठेवली आहेत. तो क्रम मला हवा आहे. तुमच्याकडे असा पेनड्राइव्ह असेल तर त्याची एक प्रत संगणकावर करून ठेवा आणि नवा स्टीरिओ तो वाचतो का, तेही दुकानातच पाहा. बरेच स्टीरिओ फक्त एफएटी ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ओळखतात.

मापं आणि वायरी

स्टीरिओच्या तोंडाची दोन मापं सगळीकडे चालतात. सिंगल डिन १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १०० मिलिमीटर. आपल्या गाडीचा स्टीरिओ वाकड्यातिकड्या आकाराचा, डॅशबोर्डमध्येच मुरलेला असेल तर त्या मॉडेलची फ्रेम वेगळी मिळते. खोलीही मोजा. मागे वायरींचा गुंता आणि कपलर मावायला दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कपलर. गाडीची मूळ वायर न कापता नवा स्टीरिओ जोडणारा हा जोड आपल्या मॉडेलचाच घ्यायचा. जे. सी. रोडवरच्या एका दुकानात मला सांगितलं, “मॅडम, कपलर कशाला? पाच मिनिटांत कापून जोडून देतो.” मी नमस्कार करून बाहेर पडले. कापलेली वायर मूळ रूपात परत येत नाही. उद्या गाडी विकायची झाली किंवा जुना स्टीरिओ परत लावायचा झाला, तर कपलर असला की काम दहा मिनिटांचं.

बाजारातल्या बहुतेक स्टीरिओंच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, काळी म्हणजे अर्थ. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. ज्या वायरीवर काळा पट्टा, ती ऋण. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर प्रत्येक वेळी गाडी बंद केली की स्टीरिओ घड्याळ आणि सेटिंग विसरतो. दोन्ही कायमच्या करंटवर जोडल्या तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. हे रंग नव्या स्टीरिओच्या बाजूचे. गाडीच्या बाजूला रंग वेगळे असतात, म्हणून तिथे रंगांवर विसंबू नका, मल्टीमीटर लावा.

आवाज: मोठा की स्पष्ट?

खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ लिहिलेलं असतं. तो आकडा क्षणभराच्या कमालीचा. पाहायचा तो आरएमएस. स्टीरिओच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळा दर चॅनलला १५ ते २२ वॉट आरएमएस देतो. म्हणून स्पीकर निवडताना वॉटपेक्षा संवेदनशीलतेचा आकडा बघा. तो डेसिबलमध्ये असतो. ३ डेसिबल जास्त असलेला स्पीकर निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज देतो. इम्पिडन्स ४ ओहम आहे ना तेही पाहून घ्या.

पैसे मोजके असतील तर पुढच्या दोन दारांवर खर्च करा. मागचे स्पीकर मूळचेच राहू द्या. नवा स्पीकर घेताना त्याची खोली मोजा, आणि ती काच पूर्ण खाली उतरवून मोजा, नाहीतर चुंबक काचेला अडतो. दाराचा पत्रा आतून पोकळ असतो, स्पीकर वाजला की तोही तेलाच्या डब्यासारखा वाजतो. आतून डॅम्पिंग शीट चिकटवली तर साध्या स्पीकरचाही आवाज भरीव लागतो. मात्र दाराच्या तळाशी पावसाचं पाणी जाण्यासाठी भोकं असतात, ती बुजवू नका.

आता आईकडे येते. वय वाढलं की आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांसारखी अक्षरं तिथंच हरवतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, “ऐकू येतं गं, पण कळत नाही.” ती शेजारी बसून प्रवास करते तेव्हा नुसता आवाज वाढवून उपयोग नसतो. बेस कमी करायचा, मधला आणि वरचा भाग थोडा उचलायचा आणि फेडर पुढे आणायचा. ट्वीटर वेगळा असलेला कॉम्पोनंट सेट मी तिच्यासाठीच घेते आहे. सबवूफर माझ्या यादीत नाही. तुम्हाला तो हवाच असेल तर अ‍ॅम्प्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीवरून येईल, आणि तिला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. या वायरीनं गाडीला आग लागू शकते.

फोनवर आईला माझे शब्द कळावेत ही जबाबदारी माइकची. स्टीरिओला बाहेरून जोडायचा माइक असेल असाच घ्या आणि तो चालकाच्या तोंडासमोर, सन व्हायझरजवळ लावा, एसीच्या झोतापासून दूर. वायर खांबावरून नेताना तिथे पडद्याची एअरबॅग नाही ना याची खात्री करा. असेल तर दुसरा रस्ता शोधा.

कामाचा दिवस

कोरडी, सावलीची जागा आणि अख्खी सकाळ मोकळी ठेवली आहे. साहित्य: १० चा पान्हा, स्क्रू ड्रायव्हर, डॅशबोर्डची पट्टी न ओरखडता उचकटायची प्लॅस्टिकची पाती, मल्टीमीटर, कापडी चिकटपट्टी आणि स्क्रू ठेवायला मुलाचा जुना डबा. सुरुवात बॅटरीची ऋण तार काढून. मग थोडी वाट पाहायची, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही मिनिटं वीज साठून राहते. पिवळ्या आवरणातली वायर बहुधा एअरबॅगची असते, तिला हात लावायचा नाही. प्रत्येक पट्टी काढण्याआधी एक फोटो.

स्पीकरची धन-ऋण बाजू ओळखायला घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर टेकवली की कोन बाहेर उचलला जातो. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज येतो पण बेस गायब होतो. डॅशबोर्ड बंद करण्याआधी चारही स्पीकर, इंडिकेटर, हॉर्न, एसी आणि फोन, सगळं एकदा चालवून पाहायचं.

मागचा कॅमेरा मात्र मी वायरमनला देणार आहे. रिव्हर्सच्या दिव्यापर्यंतची वायर डिकीच्या रबरी नळीतून नेणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. आपण काय करणार नाही हेही आखणीतच लिहायला हवं. विमा कंपनीला नव्या वस्तूंची माहिती द्यायची, हेही तिथंच लिहून ठेवलं आहे. थोडा जादा हप्ता भरून इलेक्ट्रॉनिक वस्तूंना संरक्षण घेता येतं.

एक नियम, विकत न मिळणारा

हात मोकळे झाले म्हणून लक्ष मोकळं होत नाही. समोरचं माणूस फोनवर रडायला लागलं, भांडायला लागलं, तर डोळे रस्त्यावर असूनही आपण रस्त्यावर नसतो. म्हणून आईशी बोलून एक नियम ठरवला आहे. गाडीत फोन लागला तर मी एवढंच म्हणणार, “आई, गाडीत आहे, सुखरूप आहे, पोहोचले की करते.” तिनं “बरं” म्हणायचं आणि ठेवायचं. काही तातडीचं असेल तर तिनं तेवढाच शब्द उच्चारायचा, मी गाडी कडेला घेईन.

नवऱ्यानं विचारलं, एवढ्या एका वाक्यासाठी एवढा खर्च? मी म्हटलं, हो. आमच्या भागातल्या भावानं रिसीव्हर, स्पीकर, कपलर, फ्रेम आणि डॅम्पिंग शीट मिळून पंचवीस हजारांच्या आत बसतं आहे. एका म्हाताऱ्या जिवाची रोजची तासाभराची घालमेल थांबणार असेल तर हा सौदा मला महाग वाटत नाही.

दिवाळीला सांगलीला जायचं आहे, एका बाजूनं सहाशे किलोमीटरांच्या वर. हुबळी-धारवाडच्या मधल्या पट्ट्यांत रेंज गेली तरी चालावं म्हणून नकाशा आधीच उतरवून घेणार आहे. परतताना आईला सोबत आणायचं ठरलं आहे. बाबांचा पेनड्राइव्ह लावल्यावर तिला शब्द कळले की नाही, ते तेव्हा तिलाच विचारेन.