गोड बोलणारा माणूस

आमच्या मुरबाड-शहापूरकडे एखाद्याबद्दल "तो निळू फुले आहे बरं का" असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि त्या माणसाशी व्यवहार करताना दोनदा विचार करतो. एखाद्या नटाचं नाव असं विशेषण होऊन बसणं किती जणांच्या वाट्याला आलं असेल? मला तरी पटकन दुसरं नाव सुचत नाही.

गंमत अशी की निळूभाऊंनी पडद्यावर जे गाव उभं केलं ते आमचं गाव नव्हेच. ते माळशेज घाटाच्या वरचं गाव. ऊस, साखर कारखाना, चेअरमन, चिरेबंदी वाडा, दारात जीप. घाट उतरून खाली आलात की सगळंच बदलतं. इथे भात. पावसात लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी, आणि ते आटपलं की पोटासाठी वीटभट्टी नाहीतर आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाणे. साखर कारखाना नाही, त्यामुळे कारखान्याचा चेअरमनही नाही. भातसा, तानसा शहापूर तालुक्यात, पण पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. म्हणजे आमच्याकडे माणसाला नागवायचे मार्ग वेगळे होते. तरीही आमच्या लोकांनी त्या माणसाला बघताक्षणी ओळखलं. असं का झालं, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला आहे. म्हणून हा पोस्टप्रपंच.

माझ्या आजीने निळूभाऊंना पहिल्यांदा पाहिलं ते म्हशाच्या जत्रेत. मुरबाड तालुक्यातलं म्हसा, तिथे खांबलिंगेश्वराची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, तमाशा आणि त्या काळी तंबूतला सिनेमा. कुठला सिनेमा होता ते आजीला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "त्यो दादा व्हता त्यो", एवढंच. बाकीच्या बायका म्हणे कडाकडा बोटं मोडत होत्या, शिव्या घालत होत्या. आजी मात्र गप्प. परतताना बैलगाडीत एवढंच म्हणाली, "वरडत नाय तो. वरडणाऱ्याचं काय नाय, ह्याचं भ्याव वाटतं."

शाळेची पायरी न चढलेल्या बाईने केलेलं हे समीक्षण मला आजही अचूक वाटतं :)

त्याआधी मराठी सिनेमातला खलनायक डोळे वटारायचा, मिशीला पीळ द्यायचा. निळूभाऊंनी आवाज खाली आणला. जरासा घोगरा, रेंगाळणारा, शब्दागणिक थांबणारा. समोरच्याची चौकशी करणारा. पोराबाळांची नावं ठाऊक असलेला. माणूस बुडवायचा असेल तर आधी त्याला बसायला घोंगडी द्यावी लागते, हे त्यांच्या पाटलाला पक्कं माहीत होतं.

हे त्यांना कुठून कळलं असेल? निळूभाऊ काही वाड्यात वाढलेले नव्हते. ऐन तारुण्यातली वर्षं त्यांनी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं. बरोबर राष्ट्र सेवा दल आणि सेवा दलाचं कलापथक. १९५७च्या निवडणुकीच्या सुमारास 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य त्यांनी स्वतः लिहिलं. पुलंच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये रोंग्याचं काम केलं. मग 'कथा अकलेच्या कांद्याची' आलं आणि नाव झालं. तिथून अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा, साल १९६८. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे राहिले तेव्हा गृहस्थ चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. मागे दहा-बारा वर्षांचं लोकनाट्य होतं. समोर बसलेल्या माणसाला नुसत्या एका 'हं'मध्ये कसं धरून ठेवायचं, हे ते गावोगावच्या प्रेक्षकांत शिकले होते.

मला वाटतं माळीकामाचाही यात वाटा असावा. माळी, शिपाई, गडी यांच्यासमोर मोठी माणसं सावध नसतात. ते तिथे आहेत हेच त्यांच्या लक्षात नसतं. मोठेपणा सगळ्यात नीट दिसतो तो खाली वाकून काम करणाऱ्याला. हा आपला माझा अंदाज, पण मला तो सोडवत नाही.

पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. १९७२ साली कमलाकर सारंगांनी तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आणलं. सखाराम निळूभाऊ, चंपा लालन सारंग. सेन्सॉरने ३२ कट सुचवले, प्रकरण हायकोर्टात गेलं. मला तो प्रयोग अर्थातच पाहायला मिळाला नाही, छापील नाटक तेवढं वाचलं. सखाराम पाटील नाही, छापखान्यात काम करणारा साधा माणूस आहे. टाकलेल्या बायका घरी आणतो, त्यांना राबवतो, मारतो आणि वर म्हणतो की मी निदान ढोंग तरी करत नाही. राक्षस म्हणून तो रंगवणं सोपं होतं. निळूभाऊंनी त्यातला माणूस धरला, असं पाहिलेले लोक सांगतात.

मग 'सामना'. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लेखन पुन्हा तेंडुलकरांचं, १९७५च्या बर्लिन महोत्सवात जाऊन आलेला. समोर डॉ. लागू, दारूत बुडालेले गांधीवादी मास्तर. निळूभाऊंचा हिंदूराव धोंडे पाटील या मास्तराला हाकलून देत नाही, उलट घरी नेतो, खातिरदारी करतो. मास्तर मारुती कांबळेची चौकशी करत राहतात आणि हिंदूरावच्या चेहऱ्यावरचं आतिथ्य हळूहळू पातळ होत जातं. सबंध सिनेमात मला सगळ्यात भीतीदायक वाटतं ते हे आतिथ्य.

याच माणसाने 'सिंहासन'मध्ये (१९७९) दिगू टिपणीस केला. सगळं पाहणारा, सगळं कळणारा आणि काही करू न शकणारा पत्रकार. १९७७च्या 'जैत रे जैत'मध्ये ते ठाकरांच्या वस्तीतही होते. ठाकर म्हणजे आमच्या दोन्ही तालुक्यांतली माणसं, त्यामुळे त्या सिनेमाचं आमच्याकडे जरा जास्तच कौतुक. पुढे हिंदीत 'सारांश'मधला (१९८४) पुढारी गजानन चित्रे. खुर्चीवर बसलेला आणि खुर्चीखाली चिरडलेला, दोन्ही माणसं त्यांना आतून ठाऊक होती.

आता घरची गोष्ट.

ऐंशीच्या दशकातली. बाजारच्या गावातला एक गृहस्थ आमच्या ओटीवर यायला लागला. नाव सांगत नाही. आला की आजोबांच्या पाया पडायचा, "काका, काका" करायचा. कोरा चहा आवडीने प्यायचा. माझ्या वडिलांच्या नोकरीची चौकशी, आजीच्या गुडघ्यांची चौकशी. चौथ्या-पाचव्या खेपेला त्याने एक कागद काढला. "साक्षीपुरता अंगठा हवाय काका, तुमच्यासारख्या माणसाचा." आजोबांनी अंगठा पुढे केलाही होता. आजी दाराआडून म्हणाली, "आंगठा नका लावू तुमी. तंबूतल्या त्या दादावानी हसतोय ह्यो." पाहुण्यासमोर म्हणाली! आजोबा ओशाळले, पण हात मागे घेतला. कागद ठेवून घेतला आणि संध्याकाळी शाळेच्या गुरुजींकडून वाचून घेतला. ओढ्याकाठच्या शेताचं साठेखत होतं ते.

शहापूरकडे आत्याच्या सासरी त्याच सुमारास असाच एक जण यायचा. तो वेगळा, पण बोलणं तेच. तिथे दाराआडून बोलणारं कुणी नव्हतं, म्हणजे आत्या होती, पण नवी सून. अंगठा लागला. त्या शेतावर आज फार्महाऊस आहे, उंच कंपाऊंड आणि आत निळं पाणी. एसटी तिथून जाते तेव्हा आत्या दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते. याबद्दल ती कधी काही बोललेली नाही. (आत्या, तुझी नात हे तुला वाचून दाखवेल. रागावू नकोस. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.)

एका सिनेमाने शेत वाचवलं असं मी म्हणणार नाही. वाचवलं आजीने. पण तिला जे वर्षानुवर्षं नुसतं जाणवत होतं, ते तंबूतल्या पडद्यावर तिने बाहेरून, अंतरावरून पाहिलं. घरात आलेल्या माणसाला असं निरखता येत नाही, त्याला चहा द्यावा लागतो. पडद्यावरच्या माणसाला निरखता येतं. साखर कारखाना असो वा नसो, गोड बोलून घेणाऱ्याची चाल सगळीकडे सारखीच असते. माझ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा एवढंच आहे.

खरे निळूभाऊ नेमके उलट होते, हेही सगळ्यांना माहीत आहे. शेवटपर्यंत सेवा दलाचे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात, डॉ. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून धडपडणारे. १९९१चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ला गेले. मराठी-हिंदी मिळून दोनशेच्यावर सिनेमे. त्यातले बरेचसे विसरावेत असेच आहेत, एकाच साच्यातून काढलेले. हे लिहिल्याने त्यांचा मान कमी होतो असं मला वाटत नाही. पोट प्रत्येकाला असतं.

मला खुपतं ते वेगळंच. आज निळूभाऊ उरलेत ते वाड्यावर बोलावणाऱ्या मिमिक्रीपुरते आणि व्हॉट्सॅपच्या स्टिकरपुरते. आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी ते स्टिकर येतं. त्यात फक्त लंपट पाटील आहे. तो गोडवा, ती चौकशी, तो धाक पार गळून गेलाय. ज्याला हसतो त्याला आपण घाबरत नाही, आणि घाबरत नाही म्हणून ओळखतही नाही.

आणि ओळखायची गरज काही संपलेली नाही. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. रस्ता शहापूर तालुक्यातूनच जातो. जमिनीसाठी फोन कधीपासूनच येत होते, आता तर वाढलेत. येणारा माणूस पांढऱ्या गाडीतून येतो, पायात स्पोर्ट्स शूज असतात. पण "काका" तसंच म्हणतो.

घरचे कागद आता माझा पुतण्या बघतो. निळूभाऊ गेले तेव्हा तो बालवाडीत होता, त्याला फक्त स्टिकर माहीत. गेल्या पावसाळ्यात त्याला बसवून लॅपटॉपवर 'सामना' दाखवला. हसायच्या तयारीने बसला होता. अर्धा सिनेमा झाल्यावर म्हणाला, "काका, हा पाटील तर चांगला वाटतोय की."

मी म्हटलं, "बघ पुढे."

पुढे तो काही बोलला नाही. मोबाईलही हातात घेतला नाही. दोन दिवसांनी मात्र त्याने विचारलं की ओढ्याकाठच्या शेताचा जुना सातबारा कुठे ठेवलाय.

असो. तुमच्याकडे त्या माणसाला काय म्हणतात, ते जरूर कळवा.