सुट्या भागांचे गाव

जपानला निघालेल्या माणसाकडून लोक काय काय मागवतील याचा नेम नसतो. धाकट्या मेहुण्याला मनगटी घड्याळ हवे होते, शेजारच्या वहिनींना भाजी चिरायची जपानी सुरी हवी होती, आणि आमच्या दादाने माझ्या तळहातावर सदऱ्याची एक पांढरी गुंडी ठेवली.

"एवढ्या मापाच्या व्हीलकॅप आण," तो म्हणाला. "चार आण. पाच मिळाल्या तर फारच छान, एखादी हरवतेच. आणि मधे फुगीर हवी बरं का. सपाट आणलीस तर तुझी तूच ठेव."

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्याची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यापासून दादरच्या घराच्या गॅलरीत बसून तो प्लॅस्टिकच्या मोटारी जुळवतो. खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याने केलेल्या, हातभरही नव्हे, वीतभरच लांबीच्या. खोक्यात शंभरावर सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले येतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. पहिल्याने आम्ही हसलो. वहिनी अजून हसते.

पण गेले दीड वर्ष तो एकाच गाडीवर बसला आहे, आणि त्या गाडीला घरात कोणी हसत नाही.

ती आमची फियाट. बाबांनी नंबर लावला, वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि १९७८ साली ती दारात येऊन उभी राहिली. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. पण मुंबईत तिला फियाट सोडून दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. गिअर स्टिअरिंगपाशी, पुढे सलग बाक, त्यावर बाबा, आई आणि मधे मी. १९८९ साली बाबा मोठ्या दुखण्याने आडवे झाले. पैसे त्याच आठवड्यात हवे होते. दादाने कागदांवर सह्या घेतल्या आणि गाडी विकली. महिन्याने बाबा घरी आले, खिडकीशी गेले, खाली पाहिले आणि परत येऊन खुर्चीत बसले. एक शब्द बोलले नाहीत. दुसरी किल्ली मात्र त्यांनी खिळ्यावरून काढू दिली नाही. त्यानंतर अकरा वर्षे ते होते. या विषयावर आमच्या घरात बोलणे झाले नाही. किल्ली अजून खिळ्यावर आहे.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी धावेनाशी झाली. त्याच आठवड्यात दादाने फूटपट्टी काढली.

अडचण अशी, की पद्मिनीचे खोके आम्हांला कुठे मिळाले नाही. मग दादाने तो मार्ग धरला, ज्याला या छंदातले लोक किटबॅशिंग म्हणतात. आपल्याकडे बायका जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तसाच हा प्रकार. एका खोक्यातला सांगाडा, दुसऱ्यातले दिवे, तिसऱ्यातला बंपर. आणि जे कोणत्याच खोक्यात नाही, ते प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापून काढायचे. अमेरिकेत एएमटी कंपनीने १९५८ पासून एकाच खोक्यातून तीन तऱ्हांची गाडी करता येईल असे भाग द्यायला सुरुवात केली. उरलेल्या भागांचे डबे तेव्हापासून पोरांच्या पलंगांखाली साठू लागले असावेत. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या अवकाशयानांच्या अंगावरची ती गुंतागुंतीची यंत्रे म्हणजेसुद्धा बाजारातल्या किटांचे तुकडेच. रणगाड्यांची चाके नि मोटारींची इंजिने बिनदिक्कत उलटी चिकटवलेली!

दादाला सांगाडा सापडला तो तामिया कंपनीच्या आल्फा रोमिओ जुलिया स्प्रिंट जीटीए या गाडीत. आल्फाच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर २३५० मिलिमीटर, फियाटचे २३४०. चोविसाने भागल्यावर दोहोंत फरक उरतो तो मिलिमीटरच्या चार दशांशांचा. "दोघी इटलीच्याच," दादा म्हणाला, "चुलत बहिणी समज." आल्फाच्या सुट्या खुर्च्या काढून त्याने सलग बाक केला. रिकाम्या चौकटीचा दांडा मेणबत्तीवर धरून, मऊ होताच दोन्ही हातांनी ओढला की त्याची केसासारखी तार निघते. त्या तारेचा त्याने स्टिअरिंगचा गिअर केला. मागचे ते छोटे कल्ले पुटीने भरले आणि पाण्याच्या पॉलिश पेपरने घासले, पुन्हा भरले, पुन्हा घासले. आता अडले होते व्हीलकॅपपाशी. आल्फाची चाके पडली शर्यतीची. फुगीर, चकचकीत, गुंडीएवढी टोपी तिच्याकडे कुठून असणार? मोतीबिंदू काढल्यावरही दादाचे डोळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत आणि आईला ब्याण्णवावे लागले आहे. घाई कसली, असे त्याला विचारण्याची गरज नव्हती.

आमचे चिरंजीव टोकियोत निशि-कासाई भागात राहतात. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तिकडे होतो, आणि मुलानेच सुचवले, "बाबा, गुंडी घेऊन टोकियोत कुठे हिंडता? शिझुओकाला चला. तिथे नाही मिळाली तर कुठेच नाही मिळायची."

टोकियोहून शिझुओका बुलेट ट्रेनने तासाभराचे. सगळ्यांत वेगवान नोझोमी गाड्या तिथे थांबतच नाहीत. हिकारी नाहीतर कोदामा धरावी लागते. उजव्या हाताला फुजीयामा दिसतो म्हणून सौ.ने खास त्या बाजूची जागा घ्यायला लावली होती. फुजीयामा ढगांत होता. पुढे डोंगरउतारांवर चहाचे मळे मात्र दिसले, जणू हिरव्या कंगव्याने कोणी टेकड्या विंचरल्या आहेत. मे महिना हा पहिल्या खुडणीचा. त्या नव्या चहाला साखर नाही, दूध नाही. सौ.ने एक घोट घेऊन पेला हळूच माझ्याकडे सरकवला.

या गावाचे वेड बघायला स्टेशनाबाहेर फार लांब जावे लागत नाही. पत्राची पेटी आणि टेलिफोनचे खोपटे यांची माणसाएवढ्या उंचीची स्मारके गावात उभी केली आहेत. आणि तीही कशी, तर मॉडेलच्या किटात येतात तशा चौकटीत सुटे भाग लटकावून! जणू एखाद्या राक्षसाच्या पोराने खोके फोडले आणि कापायला बसण्याआधी त्याला आईने जेवायला बोलावले. जपानातल्या प्लॅस्टिक मॉडेलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक माल या शिझुओका भागातून निघतो. तामिया, आओशिमा, फुजिमी इथल्याच. हासेगावा शेजारच्या याइझूची. गुंडाम नावाच्या यंत्रमानवांचा बांदाईचा कारखानाही इथेच.

सगळे इथेच कसे जमले? त्याची हकीकत लाकडापासून सुरू होते. सत्ता मुलाच्या हाती देऊन तोकुगावा इएयासू १६०७ साली या गावी, तेव्हाच्या सुंपुला, येऊन राहिला. १६१६ साली तो वारला आणि जवळच्या कुनो डोंगरावर त्याचे मंदिर उभे राहिले. गावातले सेंगेन देवस्थानही पुढे शोगुनांनी थाटाने बांधून काढले. या कामांसाठी देशभरातून सुतार, कोरीवकाम करणारे, लाखकाम करणारे आले. आणि काम संपल्यावर त्यांतले पुष्कळसे इथेच राहिले, असे गावकरी सांगतात. पाण्याला तोटा नव्हता, डोंगरांत लाकूड होते. देवळे संपली तेव्हा त्यांनी पेट्या केल्या, आरशाची मेजे केली, लाखेची भांडी केली. विसाव्या शतकात त्याच हातांच्या गावाने शाळकरी मुलांसाठी लाकडी विमाने आणि जहाजे केली. आम्ही सेंगेनच्या देवळात गेलो होतो. छताखालचे कोरीव प्राणी बघताना मुलगा म्हणाला, "बाबा, एवढे बारीक काम खालून दिसतसुद्धा नाही, मग केलं कशाला?" मी म्हटले, "हे तू काकाला विचार."

तामियाचे घराणे असेच लाकडातले. १९४६ साली योशिओ तामिया यांनी सुरू केली ती लाकडाची वखार आणि गिरणी. १९५१ साली आग लागली आणि साठवलेले लाकूड जळाले. धंदा सावरेना, म्हणून १९५३ साली त्यांनी लाकूड विकणे सोडले आणि लाकडी मॉडेलेच तेवढी ठेवली. तोवर प्लॅस्टिक आले. १९६० साली त्यांनी 'यामातो' युद्धनौकेचे पहिले प्लॅस्टिक किट काढले; तेच जहाज दुसऱ्या एका कंपनीने स्वस्तात आणले आणि तामिया गोत्यात आले. साचा करायला अतोनात पैसा लागतो. पोलादात खोदलेला साचा एकदा चुकला की चुकला. मग खेळण्यातल्या एका इवल्या शर्यतीच्या मोटारीचा साचा मिळवून त्यांनी तिचे स्वस्तातले किट विकले, ते मात्र तडाखेबंद खपले आणि त्यावर पुढचा रणगाडा उभा राहिला. त्या रणगाड्यात मोटर नि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या, म्हणून त्याचे प्रमाण पस्तिसास एक आले. आज जगभरचे लोक ते प्रमाण मानतात. मूळ हिशेब बॅटऱ्यांचा!

योशिओंचे चिरंजीव शुनसाकू तामिया यांची गोष्ट तर मी दादासाठी जपून आणली. पोर्शे ९३४ चे बाराव्या हिश्श्याचे मॉडेल करायचे होते. ते १९७६ साली बाजारात आले. मापे मनासारखी मिळेनात, तेव्हा या गृहस्थाने चक्क खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा स्क्रूनस्क्रू सुटा केला. परत जोडताना मात्र पोर्शेची माणसे बोलवावी लागली, असे सांगतात. दादाने ही गोष्ट फोनवर ऐकली आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "आपली असती तर मीही केली असती." आम्ही परतल्यावर दोनच महिन्यांनी, २०२५ च्या जुलैत, शुनसाकू नव्वदाव्या वर्षी वारले.

दर मे महिन्यात ट्विन मेस्से नावाच्या प्रदर्शनगृहात शिझुओका हॉबी शो भरतो. कंपन्यांची दालने एकीकडे. तिथे नुसती झुंबड. मी तिकडे फार रेंगाळलो नाही. खरी मौज हौशी मंडळांच्या दालनात. देशोदेशीची मंडळे आपापली मॉडेले टेबलांवर मांडून मागे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली. कुठे गंजलेला ट्रक. त्याचा गंजही रंगवलेला. कुठे धाब्यासारखी खानावळ आणि तिच्या दारात उभी व्हॅन. विकायला काही नाही, बक्षिसाची धावपळ नाही. सौ.ने विचारले, "मग हे लोक एवढ्या लांबून येतात कशाला?" तेवढ्यात एक आजोबा दुसऱ्याच्या गाडीखाली छोटा आरसा धरून तिचे पोट बघत होते. तिला उत्तर मिळाले असावे.

जुन्या जपानी मोटारींच्या एका टेबलामागे सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांच्या मांडीवर खणाखणांचा डबा होता. आपल्याकडे शिंप्याकडे असतो तसा. मी मुलाची वाट न बघता खिशातून गुंडी काढली, त्यांच्या एका गाडीच्या चाकावर बोट ठेवले आणि गुंडी शेजारी धरली. ते गुंडीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चिमट्याने डब्यातून एक चकचकीत टोपी उचलली आणि अलगद गुंडीवर ठेवली. कड कडेला मिळाली. मधे फुगीर!

मुलगा आल्यावर बोलणे सुरू झाले. मी दादाच्या अर्ध्या झालेल्या फियाटचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून मागचे कल्ले पाहिले, खिडक्यांच्या कडा पाहिल्या.

"हे कोणत्या कंपनीचे किट, असं विचारताहेत."

"सांग, कोणाचंच नाही. भावानं केलंय."

मुलाने सांगितले. गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्या फोटोला वाकून नमस्कार केला. पैसे घेईनात. मी चार म्हणून बोटे दाखवली, तर त्यांनी पाच दिल्या, आणि पाचवीकडे बोट दाखवून ती जमिनीवर घरंगळल्याचा आणि आपण टेबलाखाली शोधत असल्याचा अभिनय केला. पुरी झाली की फोटो पाठवा, एवढेच मागणे. गुंडी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी परत दिली. ती बाबांच्या सदऱ्याची होती, हे मला दादरला परतल्यावर कळले.

एक व्हीलकॅप खरोखरच हरवली. गाडी जूनअखेर पुरी झाली. रंग सायीचा; त्यावरून आम्हां भावांचे दोन दिवस वाजले होते, शेवटी जुन्या फोटोऐवजी आईचे मानले. दादाने गाडी आईच्या तळहातावर ठेवली. तिने ती डोळ्यांपाशी नेली, चाके फिरवून पाहिली.

"विकलीस ते बरंच केलंस हो," ती म्हणाली. "पैसे त्याच आठवड्यात लागले होते. ह्यांनाही ठाऊक होतं."

दादा काही बोलला नाही. चष्मा पुसत राहिला.

"पण मागच्या काचेचे पडदे कुठायत?"

"पडदे नव्हते गं आई."

"नव्हते कसे? मी शिवले होते. निळे, पांढऱ्या ठिपक्यांचे."

मला एकदम आठवले. होते. दादालाही आठवले असावे, कारण तो फूटपट्टी शोधायला उठला. ठिपका सहा मिलिमीटरचा धरला, तर चोविसाव्या हिश्श्याने होतो पाव मिलिमीटर. पाव मिलिमीटरचा पांढरा ठिपका निळ्या कापडावर कसा काढावा, या विवंचनेत तो सध्या आहे.