स्कॉर्पिओचंच आहे, बसवा डोळे झाकून!

शनिवारी सकाळी साडेदहाला माझ्या वयाची पब्लिक एकतर झोपलेली असते, नाहीतर ब्रंचला कुठे जायचं यावर ग्रुपवर वाद घालत असते. मी हडपसरच्या गाडीतळावर उभी होते. पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि हातात पेपरात गुंडाळलेला, ऑइलने माखलेला लोखंडाचा तुकडा. बसमध्ये शेजारच्या काकूंनी तो बघून दोनदा साडी सावरून घेतली होती!

तो तुकडा म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस. अधिकच्या चिन्हासारखा दिसतो, चार टोकांना चार वाट्या. त्यातली एक फुटली होती.

गाडी माझ्या मामांची. ते सासवडजवळ सीताफळं पिकवतात. बाग ओढ्यापलीकडे आणि तोडणी ऐन पावसाळ्यात, त्यामुळे साधी गाडी ओढ्यातच बसते. म्हणून त्यांनी महिंद्राची स्कॉर्पिओ गेटवे घेतली, फोर बाय फोर. स्कॉर्पिओ आली २००२ला. तिच्यावर बेतलेला हा पिकअप आला २००७ला. पुढे पाच जणांची केबिन, मागे हौदा. एकदम सॉलिड! पण आता ती नवी मिळत नाही. आहे ती टिकवायची.

आणि आठवड्यापूर्वी मामांचा फोन. ‘गाडी इकून टाकावी म्हणतो, पोरी. वय झालं आता. डांबरावर आल्यावर फोर काढायचं इसरत आसंन मी. न्हाईतर क्रॉस कशाला तुटंल?’

मामा कधी असं बोलत नाहीत. म्हटलं, थांबा, विकू नका. पार्ट मी आणते.

जिथे वाटा फुटतात

हडपसर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मगरपट्टा आणि अमनोरा येतात. शेतकरी कुटुंबांनी एकत्र येऊन आपल्याच जमिनीवर मगरपट्टा सिटी उभी केली, ती गोष्ट आपण ऑफिसच्या इंडक्शनमध्ये ऐकलेली असते. पण फ्लायओव्हरखालून चालत गेलात तर दुसरं हडपसर भेटतं. गाडीतळ, म्हणजे गाड्या थांबायची जागा. इथून एक रस्ता सोलापूरला जातो, दुसरा सासवडला. आषाढी वारीत दोन्ही पालख्या इथेच वेगळ्या होतात. ज्ञानोबांची दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची लोणी काळभोरकडे सरळ जाते.

जिथे वाटा फुटतात, तिथे गाड्याही थांबतात, बिघडतात आणि दुरुस्त होतात. टायरवाले, रेडिएटरवाले, पाटेवाले, लेथवाले. सगळीकडे डिझेलचा आणि तळणाऱ्या वड्यांचा एकत्र वास.

पहिल्या दुकानात मी थाटात विचारलं, ‘गेटवेचा क्रॉस आहे?’

‘कुठलं इंजिन? टू पॉइंट सिक्स का एमहॉक?’

‘अं...’

‘साल? फोर बाय टू का फोर बाय फोर? पुढच्या शाफ्टचा का मागच्या?’

बॉस, इंटरव्ह्यूलासुद्धा माझी एवढी फजिती झाली नव्हती. दुसऱ्या दुकानात एकाने क्रॉस न बघताच डबा पुढे केला, ‘स्कॉर्पिओचाच बसतो मॅडम.’ हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते आठवेना. पण डबा घेतला नाही.

काकांची शाळा

तिसरं दुकान एका बोळात. दहा बाय दहाचं, छतापर्यंत डबे. गल्ल्यावर साठीचे एक काका, गळ्यात चष्मा, हातात व्हर्निअर. त्यांनी गाडीचं नाव विचारलंच नाही. म्हणाले, ‘आरसी दाखवा.’

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी सतरा अक्षरांच्या चासी नंबरावर बोट फिरवलं. ‘एमए१, म्हणजे महिंद्रा. दहावं अक्षर ए, म्हणजे २०१०.’

‘पण काका, कागदावर २०११ आहे.’

‘ती नोंदणी. गाडी आधीच बनलेली होती. पार्ट बनलेल्या सालाचा घ्यायचा.’

मग गिऱ्हाइकं येत-जात राहिली आणि माझी शाळा सुरू झाली. गेटवेला इंजिनचे बरेच पार्ट स्कॉर्पिओचे चालतात, पण मागचं सस्पेन्शन नाही. स्कॉर्पिओला मागे स्प्रिंग, गेटवेला ओझ्यासाठी पाटे. बेअरिंगला तर गाडीचं नावच लागत नाही. काकांनी एक बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं. कडेवर कोरलं होतं, ६२०६. ‘शेवटचे दोन आकडे गुणिले पाच. तीस. आतलं भोक तीस मिलिमीटर.’ व्हर्निअर लावून दाखवला. बरोब्बर तीस! ऑइल सीलचंही तसंच. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तीन मापं जुळली की झालं.

मग त्यांनी माझा क्रॉस उचलला. वाटीची जाडी मोजली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी मोजली आणि डबा काढला. मी पैसे काढायला पर्स उघडली, तेवढ्यात ते म्हणाले,

‘हा असा उगाच फुटत नाही. वर्षभरात पुढच्या बाजूला काय बदललंय?’

आणि मला आठवलं, ते वाक्य कुठे ऐकलं होतं.

चूक कुणाची?

मागच्या वर्षी पुढचं डिफरन्शियल गेलं होतं. नव्याचा खर्च ऐकून मामा गप्प झाले, तेव्हा हिरोगिरी मीच केली. शहराबाहेरच्या एका भंगारवाल्याकडून जुनं उचललं. तो म्हणाला होता, ‘स्कॉर्पिओचंच आहे, बसवा डोळे झाकून.’ आणि मी डोळे झाकले.

काकांनी बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं. डिफरन्शियलमध्ये क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते, हा रेशो. समजा मागे ४१ भागिले १०, म्हणजे ४.१. पुढे ४३ भागिले १०, म्हणजे ४.३. दिसायला दोन्ही सारखी. पण फोर लावला की पुढचा-मागचा शाफ्ट एका वेगाने फिरतो आणि चाकं वेगवेगळ्या वेगाने जायला बघतात. चिखलात चाकं घसरून हा फरक जिरतो. डांबरावर, खडकावर जिरायला जागा नसते. मग ताण शाफ्टवर येतो आणि क्रॉस फुटतो.

‘नवा क्रॉस देतो, पण तोही फुटेल. आधी रेशो मोजून घ्या.’

मी सासवडच्या मेकॅनिकला फोन लावला. मागची दोन्ही चाकं उचलून, दोन्ही एकत्र बरोबर दहा फेरे फिरवायची आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. मग तेच पुढे. दोन कटिंग चहा संपेपर्यंत त्याचा फोन आला. आकडे जुळत नव्हते.

गाडी बिघडल्याचं मला फार वाटलं नाही. लागलं ते दुसरंच. मामा आपण विसरतो, आपलं वय झालं, असं मानून बसले होते. ओढ्यातून ये-जा करायची हिंमत सोडून गाडी विकायला निघाले होते. आणि कारण मी होते.

तिथूनच फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘म्हंजे मी इसरत नव्हतो?’

‘नाही मामा. माझी चूक.’

‘मग ठीकाय,’ म्हणाले, आणि आवाजात हसू आलं. ‘गाडी ऱ्हाऊंद्या.’

काकांनी चासी नंबरावरून पार्ट नंबर शोधला आणि क्राउन-पिनियनची जोडी मागवली. जोडीच घ्यायची, कारण दोघांचे दाते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. मंगळवारी माल आला, गुरुवारी बसला. जुन्या डिफरन्शियलच्या पैशांवर पाणी सोडलं. पुढच्या शनिवारी मामांनी मला शेजारी बसवून गाडी ओढ्यात घातली. फोर लावला, पलीकडे गेलो, सीताफळांचे क्रेट भरले, परत आलो. डांबरी लागल्याबरोबर त्यांनी फोर काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘काढला बरं का!’

पार्ट आणायला जाताय?

● आरसीचा आणि चासी नंबराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पार्ट शोधायची सुरुवात तिथून.

● जुना पार्ट सोबत न्या, तुटलेला असला तरी. त्यावरचा नंबर पुसू नका.

● फोर बाय फोरला दोन्ही डिफरन्शियलचा रेशो एकच हवा आणि चारही टायर एकाच मापाचे.

● प्रॉपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूने खूण करा. तसाच परत बसवायचा.

● हडपसरला नाही मिळालं तर नाना पेठ. स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत.

● ‘डोळे झाकून बसवा’ ऐकलंत की डोळे उघडा!