वहीतला संघ

क्रिकेटच्या संदर्भात ‘आपला’ हा शब्द आम्ही आयुष्यभर फारसा विचार न करता वापरला. भारत आपला, रणजीत महाराष्ट्र आपला, आणि आयपीएल आल्यावर, परळीहून मुंबई कितीही लांब असली तरी, मुंबई इंडियन्स आपली. या आपलेपणाला जन्म, भाषा आणि भूगोल यांचा आधार होता. तो कुणी निवडलेला नव्हता, त्यामुळे त्याचा हिशेबही कुणी मागत नसे. 2024 च्या उन्हाळ्यात मात्र आम्ही एक संघ चक्क लिलावात बोली लावून घेतला. तो कुठल्याही मैदानावर एकत्र उतरणार नव्हता. त्यातले खेळाडू चार निरनिराळ्या शहरांसाठी, प्रसंगी एकमेकांविरुद्ध, खेळत होते. ते एकत्र होते ते केवळ दोनशे पानी वहीच्या एका पानावर. तरीही दोन महिने आमची झोप त्या पानाच्या स्वाधीन होती.

या खेळाचे मूळ अमेरिकेत, बेसबॉलमध्ये आहे. डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने 1980 च्या हंगामासाठी मित्रांना जमवून हा प्रकार सुरू केला. मंडळी न्यूयॉर्कच्या ज्या फ्रेंच उपाहारगृहात जमत, त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी लीग’ म्हणू लागले. प्रत्येकाला 260 डॉलर, त्यांत 23 खेळाडू घ्यायचे, आणि एक खेळाडू एकाच मालकाचा. मग सबंध हंगामभर खऱ्या सामन्यांतले आकडे वर्तमानपत्रातून उतरवून बेरीज करायची. आपल्याकडे ‘फॅन्टसी’ या नावाने मोबाइलवर जे पसरले ते याचेच अपत्य असले तरी वळण निराळे. तिथे तोच खेळाडू लाखो लोकांच्या संघात असतो, आणि संघाचे आयुष्य एका संध्याकाळपुरते असते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. आमच्या घरात त्याला पुढे फार महत्त्व आले.

आमचा लिलाव महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर एका रविवारी आमच्या ओसरीवर झाला. आठ मालक. औष्णिक विद्युत केंद्रातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले शेजारचे अण्णा, मोंढ्यातला एक आडत्या, रेल्वेतले दोघे, एक औषध दुकानदार, दोन शिक्षक आणि आम्ही. प्रत्येकाला शंभर काल्पनिक रुपये. धावेला एक गुण, बळीला वीस, झेलाला पाच. षटकामागे बारापेक्षा जास्त धावा दिल्यास दहा वजा. कर्णधाराचे गुण दुप्पट. दर रविवारी एक बदल. खऱ्या पैशाला प्रवेश नाही; शेवटच्या क्रमांकाच्या मालकाने सर्वांना जेवू घालायचे, एवढीच शिक्षा. वही लिहिण्याचे काम आमच्या भाच्याकडे होते. तो पोलीस भरतीच्या तयारीसाठी गावाहून परळीत येऊन मित्रांबरोबर खोली करून राहिला होता, आणि त्याचे अक्षर चांगले होते.

बोली लावण्याचे कसब आडत्याचेच. मालाकडे न पाहता समोरच्याच्या तोंडाकडे पाहून भाव वाढवायचा, ही मोंढ्यातली विद्या त्याने येथे निष्ठुरपणे वापरली. अण्णांनी मात्र पहिल्यांदा जे नाव पुकारले त्याने सगळेच हसले: सचिन धस. बीडचा हा मुलगा त्याच वर्षी 6 फेब्रुवारीला, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध बेनोनीला 96 धावा करून गेला होता. भारत 4 बाद 32 वरून 245 चे लक्ष्य गाठून जिंकला, त्यात उदय सहारणबरोबरची त्याची 171 धावांची भागी निर्णायक ठरली. पण त्याला आयपीएलच्या कोणत्याही संघाने घेतलेले नव्हते. ‘नसू द्या,’ अण्णा म्हणाले, ‘आमच्या जिल्ह्याचा आहे, एक रुपया माझा.’ वहीत ते नाव राहिले आणि त्याच्यापुढे हंगामभर शून्य पडत गेले. जुन्या आपलेपणाचा तेवढाच एक अवशेष त्या वहीत होता.

आम्ही बावीस रुपये मिचेल स्टार्कवर लावले. डिसेंबर 2023 च्या लिलावात कोलकात्याने त्याला 24 कोटी 75 लाखांना घेतले होते. तोवरच्या आयपीएलमधली ती सर्वांत मोठी रक्कम. जोस बटलरला अठरा देऊन कर्णधार केले, आणि अभिषेक शर्मा सहा रुपयांत पदरात पडला. अण्णांनी सुनील नारायण सात रुपयांत नेला. गेली काही वर्षे त्याची फलंदाजी आटलेली होती, त्यामुळे कुणी पुढे बोललेच नाही.

23 मार्चला स्टार्कने हैदराबादविरुद्ध चार षटकांत 53 धावा दिल्या, बळी एकही नाही. 29 तारखेला बंगळूरविरुद्ध चार षटकांत 47, बळी पुन्हा नाही. आठ षटके, शंभर धावा, आणि वहीत गोलंदाजीचे गुण उणे दहा. आडत्या रोज सकाळी दारावरून जाताना भाव विचारू लागला. आम्ही स्टार्कला सोडला नाही. ज्याने दोन एकदिवसीय विश्वचषक जिंकले आहेत तो दोन सामन्यांत खेळणे विसरत नाही, हे आमचे मत तेव्हाही होते.

या दोहोंच्या मध्ये 27 मार्चची रात्र आली. हैदराबादने मुंबईविरुद्ध 3 बाद 277 केल्या, आणि अभिषेकने 23 चेंडूंत 63. ओसरीवर मुंबईचे चाहते पाच. रोहितचे कर्णधारपद गेल्याचे दुःख ताजे, त्यात हा मार. आम्हीही जन्माचे मुंबईकडचेच. पण चेंडू सीमेपलीकडे जात होता तेव्हा आमच्या मनात बेरीज चालू होती. ओरडायचे कसे आणि कोणासाठी, हे त्या दिवशी कळेना. खेळ पाहण्याची एक सवय मोडून तिच्या जागी दुसरी बसत असल्याची जाणीव आम्हाला त्या रात्री प्रथम झाली. सामना दिसेनासा होतो, माणसे दिसू लागतात. आणि माणसेही पुरती नव्हेत, त्यांच्या नावापुढचा रकाना. मात्र याच दृष्टीमुळे आम्ही लखनौ-पंजाबसारखे सामनेही अखेरच्या चेंडूपर्यंत पाहिले. पूर्वी अशा सामन्यांच्या वेळी आम्ही जेवत असू.

त्या लखनौच्या सामन्यात, 30 मार्चला, मयंक यादव नावाच्या अपरिचित मुलाने ताशी 155 किलोमीटरच्या पुढे चेंडू टाकला. दुसऱ्याच दिवशी रविवार. आम्ही त्याला घेतला. मंगळवारी त्याने बंगळूरचे तीन बळी 14 धावांत घेतले, साठ गुण. त्याच्या पुढच्या रविवारी एक षटक टाकून तो मैदानाबाहेर गेला. अण्णा म्हणाले, ‘संच ट्रिप झाला.’ परळीत हा शब्द सर्वांना कळतो. 2015 साली गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी नाही म्हणून अख्खे केंद्र बंद पडलेले या गावाने पाहिले आहे. यंत्र उत्तम, कोळसा हजर, आणि वीज नाही! (त्याआधी भारनियमनाच्या वर्षांत, वीज तयार करणाऱ्या याच गावात, आम्ही अंधारात ट्रान्झिस्टरवर सामने ऐकले आहेत. पण तो विषय वेगळा.) महिन्याअखेरीस मयंक परत आला आणि पुन्हा जायबंदी झाला.

हंगामातली सर्वांत सुंदर रात्र 16 एप्रिलची. कोलकात्यात अण्णांच्या नारायणने 56 चेंडूंत 109 केल्या. राजस्थानला 224 हवे होते, आणि अखेरच्या सहा षटकांत 96. बटलर एकटा उभा राहिला, अखेरच्या चेंडूवर सामना काढला, नाबाद 107. आम्ही उठून उभे राहिलो होतो. अण्णा मात्र जागेवरून हललेही नाहीत; नारायणचे दोन बळी धरून त्यांचे गुण आमच्यापेक्षा अधिक झाले होते. ‘केंद्र बुडालं, पण माझा संच चालला,’ म्हणाले.

याच सुमारास वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले बारीक आकडे आमच्या दृष्टीस पडले. 49, 49, 99, 49. ते कोणत्याही खेळाडूच्या गुणांशी जुळत नव्हते. संध्याकाळी सातच्या सुमारास, नाणेफेक होऊन अंतिम अकरा जाहीर होत तेव्हा, भाचा उठून अंगणात जातो, हेही मग ध्यानात आले. विचारल्यावर त्याने लपवले नाही. एका मित्राने पाठवलेल्या दुव्यावरून त्याने कुठलेसे ॲप घेतले होते. जर्सीवर नाव झळकणाऱ्या कंपनीचे ते नव्हे, निराळेच. वीस दिवसांत अकरा हजार चारशे रुपये गेले होते. ते मेसचे आणि बुटांचे होते. आमची चुलत बहीण आणि मेहुणे ऊसतोडीला जातात. कोयत्याच्या उचलीतून फेडून उरलेले ते पैसे.

त्याचे म्हणणे सरळ होते. ‘मामा, तुम्हीच म्हणता ना, यात अभ्यास लागतो?’ वादाला त्याच्याकडे न्यायालयाचा आधारही होता. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2017 मध्ये असा खेळ कौशल्याचा मानला होता. उत्तर अण्णांनी दिले, आणि ते आम्हाला आजही बिनतोड वाटते. ते म्हणाले, कौशल्य आहे, पण त्याला वेळ लागतो. आमच्या वहीत सत्तर सामने आहेत. स्टार्क दोनदा फसला तरी बारा वेळा संधी आहे, दैव दोन्हीकडे सारखे वाटले जाते. तुझ्याकडे एक संध्याकाळ आहे. समोर लाखो संघ, आणि सर्वांत शहाण्या निवडी सर्वांनीच केलेल्या. त्यांतून पहिला यायचे तर जे घडण्याची शक्यता कमी त्याच्यावरच कर्णधारपद लावावे लागते. म्हणजे जितका अभ्यास, तितके तुला अभ्यासाविरुद्ध खेळावे लागते. आडत्याने एकच भर घातली: सौदा कुणाचाही होवो, अडत कापली जातेच.

(ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि कौशल्य की दैव हा भेदच त्याने बाजूला ठेवला. 2008 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचे नाव गेले. अण्णांना हा कायदा पसंत आहे. आमच्या मते भेद पुसणे हा सोपा मार्ग होता. यावर आमचे भांडण अजून मिटलेले नाही.)

बहिणीला फोन आम्हीच केला. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘दादा, पैसे पुन्हा पाठवीन. त्याचं पळणं बंद पडू देऊ नको.’ बूट आम्ही घेतले. वही त्याच्याकडून काढून घ्यावी असे औषध दुकानदाराचे मत पडले. आम्ही ती त्याच्याकडेच ठेवली. पुढे समासात दुसरे आकडे दिसू लागले: 6:21, 6:08, 6:12. भरतीच्या सोळाशे मीटरच्या वेळा त्या.

मे महिना पाण्याचा निघाला, तो आमच्या बंधाऱ्यात नव्हे. 13 मे रोजी बीडमध्ये लोकसभेचे मतदान होते. बोटावरची शाई वाळते न वाळते तोच आम्ही टीव्हीपुढे बसलो, तर अहमदाबादेत पाऊस. गुजरात-कोलकाता सामना एकही चेंडू न पडता रद्द. सहा दिवसांनी गुवाहाटीतही तेच. नारायण आणि स्टार्क दोघेही बसून राहिले, त्यामुळे अण्णांचे आणि आमचे नुकसान सारखेच झाले आणि आडत्या जवळ सरकला. त्यातच बटलर इंग्लंडच्या कामगिरीसाठी मायदेशी गेला. बाद फेरीच्या तोंडावर आमचा संघ कर्णधाराविना उरला.

स्टार्क मात्र जागा झाला होता. 3 मे रोजी वानखेडेवर मुंबईचे चार बळी त्याने घेतले (येथेही आम्ही कोणत्या बाजूचे, हे विचारू नये). 21 मे रोजी, पहिल्या पात्रता सामन्यात, दुसऱ्याच चेंडूवर ट्रॅव्हिस हेडचा त्रिफळा. आणि 26 मे रोजी चेन्नईत अंतिम सामना, कोलकाता विरुद्ध हैदराबाद. पहिले षटक स्टार्कचे, समोर अभिषेक शर्मा. दोघेही आमचे. पाचवा चेंडू आत येतोसा वाटून बाहेर वळला आणि ऑफ स्टंपचा माथा घेऊन गेला. इतका सुंदर चेंडू आम्ही क्वचित पाहिला असेल. बळीचे वीस मिळाले, अभिषेकच्या नावापुढे दोन. ओसरीवर सगळे आमच्याकडे पाहू लागले. आम्ही टाळी वाजवली. कोणासाठी, ते ठाऊक नाही, बहुधा चेंडूसाठी.

हैदराबाद 113 वर आटोपले, कोलकाता आठ गडी राखून जिंकले. वहीत अण्णा पहिले, आम्ही एकतीस गुणांनी दुसरे. जेवण औषध दुकानदाराने दिले. भाच्याने रात्री अकरापर्यंत बेरीज तपासली आणि पहाटे पाचला तो मैदानावर गेला.

2025 च्या लिलावात त्याने वही लिहायला नकार दिला. त्याला मालक व्हायचे होते. नववा मालक म्हणून त्याला घेतले. स्टार्क आता दिल्लीचा झाला होता. आम्ही आठपर्यंत गेलो, भाचा नऊ म्हणाला, आणि आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. ही नजर तो आडत्याकडून शिकला असावा. 30 मार्चला विशाखापट्टणममध्ये स्टार्कने हैदराबादचे पाच बळी 35 धावांत घेतले. अभिषेक शर्मा त्या पाचांत नव्हता. तो एका धावेवर धावचीत झाला होता, आणि तो अजून आमच्याच पानावर होता.