मक्याच्या रानातले कर्क्सव्हिल

शिकागोहून पश्चिमेला जाणारी आगगाडी ला प्लाटा नावाच्या चिमुकल्या स्टेशनावर उतारूंना सोडते. तिथून मोटारीने वीसेक किलोमीटर उत्तरेला गेले की मिसुरी राज्यातले कर्क्सव्हिल लागते. नजर पोहोचेल तिथवर मका! अशा आडगावी एके काळी आगगाड्या भरभरून रोगी येत, त्यांच्यासाठी हॉटेले उभी राहिली, हे सांगूनही खरे वाटत नाही.

याला कारण अँड्र्यू टेलर स्टिल हा डॉक्टर. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्याच्या घरातली तीन मुले दगावली. बाप डॉक्टर, पण उपयोग शून्य! तेव्हाची औषधे तरी काय? पारा आणि अफू. त्याचा त्यांवरचा विश्वासच उडाला. हाडे आणि सांधे हाताने ठाकठीक केले की शरीर आपले आपण बरे होते, असे त्याने मांडले आणि १८९२ साली इथे ऑस्टिओपथीची पहिली शाळा काढली. ती दोन खोल्यांची शाळा आणि स्टिल जन्मला ते ओंडक्यांचे घर, दोन्ही इथल्या संग्रहालयात जपली आहेत. पहिल्या वर्गात स्त्रियाही होत्या, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे!

मी आलो होतो ते मात्र दुसऱ्याच कामासाठी. विल्यम सदरलँड हा इथलाच विद्यार्थी. शाळेत मांडलेली सुट्या हाडांची कवटी पाहून त्याला माशाचे कल्ले आठवले. ही हाडे श्वासासारखी हलत असणार, असे त्याच्या मनाने घेतले. डोक्यावर हलका हात ठेवून ती लय जाणण्याची विद्या त्यातून निघाली. आज स्वमग्न मुलांचे कितीतरी आईबाप तिच्याकडे धाव घेतात. शिकागोतली माझी भाची त्यांतलीच. तिचा मुलगा सात वर्षांचा. "मामा, आणखी सहा महिने यायला सांगताहेत. तिथे नीट पाहून, विचारून या हं," असे तिने बजावले होते.

रात्री मी तिला फोन केला. एकाच रोग्याची ही लय दोघा चिकित्सकांनी वेगवेगळी मोजली तर आकडे जुळत नाहीत. आणि स्वमग्नता तिने पालटते याला भरवशाचा पुरावा नाही, हे सांगितले. (अमेरिकेतले ऑस्टिओपथीचे पदवीधर आज इतर डॉक्टरांसारखीच औषधे देतात, शस्त्रक्रियाही करतात, त्यांना कुणी वैदू समजू नये.)

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "पण मामा, त्यांच्या हाताखाली तो शांत झोपतो हो."

"मग झोपू दे," मी म्हटले, "पण त्या पैशांपायी त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाईंची शिकवणी तेवढी मोडू नकोस."